माळवदाच्या घराची प्रतिकृती आणि तिची चालती वीजजोडणी

शालेय विज्ञान प्रदर्शनात घराची प्रतिकृती हा नेहमीचा विषय असतो. पुठ्ठ्याच्या चार भिंती, आत लुकलुकणारा एक दिवा आणि बाहेर हिरवळीचा कागद एवढ्यावर बहुतेक प्रतिकृती थांबतात, आणि दिवा का लागतो असे विचारले की विद्यार्थी गोंधळतो. या लेखात ज्या घराची रचना दिली आहे, त्यात प्रत्येक खोलीचा दिवा स्वतंत्रपणे लागतो, दारावरची घंटा वाजते, जिन्याचा दिवा खालून आणि वरून अशा दोन्ही ठिकाणांहून चालू-बंद करता येतो आणि पुढच्या खोलीतला कापड विणायचा माग हलतो. सहावी ते दहावीच्या मुलांना मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ते सहज करता येईल. मात्र एक क्रम कटाक्षाने पाळावा: आधी परिपथ कागदावर काढावा, मग तो टेबलावर सुटा जोडून चालवून पाहावा आणि त्यानंतरच भिंती चिकटवाव्यात. प्रतिकृतीतल्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा झाल्यामुळे निर्माण होतात.

नमुना म्हणून सोलापूर परिसरातले जुने माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर निवडले आहे. त्याला दोन कारणे आहेत. माळवद सपाट असल्यामुळे प्रतिकृतीचे छप्पर झाकणासारखे उचलता येते आणि आतली सगळी जोडणी पाहणाऱ्याला दाखवता येते. उतरत्या कौलांच्या छपराला ही सोय नसते. दुसरे कारण शहराशी निगडित आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घरातच माग असणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, त्यामुळे दिव्यांच्या जोडीला मोटारीवर चालणारे एखादे यंत्र दाखवायचे असेल, तर पंख्यापेक्षा माग अधिक शोभतो.

आधी सुरक्षिततेविषयी

घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह असतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून या प्रतिकृतीची कोणतीही तार कोणत्याही कारणाने घरातल्या प्लगला लावायची नाही. मोबाइलचा चार्जर कापून त्याच्या तारा वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तोही मानू नये, कारण स्वस्त चार्जरच्या आतले विलगीकरण, म्हणजे प्लगमधली वीज बाहेरच्या तारांपासून वेगळी ठेवणारी व्यवस्था, भरवशाचे असेलच असे नाही. जुन्या मोबाइलमधली लिथियम बॅटरी तर अजिबात वापरू नये. तिची दोन टोके चुकून एकमेकांना टेकली तर ती तापून पेट घेऊ शकते. पेन्सिल सेल, म्हणजे दीड व्होल्टचे डबल-ए आकाराचे सेल, या कामाला पूर्णपणे पुरेसे आहेत. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल सोयीचा वाटतो, पण त्याची साठवण कमी असल्यामुळे प्रदर्शनाच्या दुपारपर्यंत तो मान टाकतो.

परिपथाचा विचार

चार पेन्सिल सेल एकसर जोडले की ६ व्होल्ट मिळतात. दिव्यांसाठी पांढरे एलईडी घ्यावेत. पूर्वी टॉर्चचे छोटे बल्ब वापरत असत आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत अजूनही तेच दिसतात, परंतु असा एक बल्ब साधारण ३०० मिलिअँपिअर विद्युतधारा घेतो. पाच बल्ब एकाच वेळी लावले तर दीड अँपिअर होतात आणि पेन्सिल सेलवर तो भार झेपत नाही. एलईडीला मात्र १० मिलिअँपिअरच्या आसपास विद्युतधारा मिळाली तरी एक खोली छान उजळते.

एलईडीला थेट सहा व्होल्ट दिले तर तो जळतो. पांढऱ्या एलईडीच्या दोन पायांमध्ये सुमारे ३ व्होल्टचे विभवांतर राहते, तेव्हा उरलेले ३ व्होल्ट कोणीतरी सांभाळले पाहिजेत, आणि ते काम रेझिस्टर करतो. ओहमच्या नियमाने हिशेब सोपा आहे: ३ व्होल्टला ०.०१ अँपिअरने भागले की ३०० ओहम येतात. बाजारात याच्या जवळचा सहज मिळणारा रेझिस्टर ३३० ओहमचा असतो. त्यावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे तीन पट्टे असतात आणि चौथा पट्टा बहुधा सोनेरी असतो. तो वापरला की विद्युतधारा ९ मिलिअँपिअर होते. पाव वॉटचा रेझिस्टर या कामाला भरपूर झाला. एखादा दिवा लाल हवा असेल तर त्याच्यासाठी हिशेब पुन्हा करावा, कारण लाल एलईडीचे विभवांतर २ व्होल्टच्या आसपास असते. तिथे ४०० ओहम येतात आणि ४७० ओहमचा रेझिस्टर चालतो. हा हिशेब मुलाने स्वतः वहीत मांडलेला असावा, असे मला फार वाटते. दुकानदाराने हातात ठेवलेला रेझिस्टर बरोबर असतोही, पण मग त्या प्रतिकृतीतला विज्ञानाचा भाग दुकानातच राहून जातो.

यानंतरचा प्रश्न म्हणजे दिवे एकसर जोडायचे की समांतर. दोन पांढरे एलईडी एकापाठोपाठ एक जोडले तर त्यांनाच सहा व्होल्ट लागतात, रेझिस्टरच्या वाट्याला काही उरत नाही आणि सेल थोडे उतरताच दोन्ही मंद होतात. शिवाय एकाचा पाय सुटला की दुसराही विझतो. म्हणून प्रत्येक खोलीची शाखा समांतर ठेवावी आणि प्रत्येक शाखेत स्वतःचे बटण, स्वतःचा रेझिस्टर व स्वतःचा एलईडी असावा. आपल्या खऱ्या घरातली जोडणीही समांतरच असते, त्यामुळे माजघरातला दिवा बंद केला म्हणून स्वयंपाकघर अंधारात जात नाही. पाच एलईडींची मिळून विद्युतधारा ४५ मिलिअँपिअर होते. चांगल्या अल्कलाइन सेलची साठवण साधारण २००० मिलिअँपिअर-तास असते, तेव्हा प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवसांत दिवसाच्या वेळी दिवे सतत लावले तरी चिंता नाही.

बटण नेहमी धन बाजूच्या तारेत घालावे. सेलच्या परिपथात ते ऋण बाजूला घातले तरी दिवा बंद होईल, पण घरातल्या जोडणीत बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या, तारेतच असावे लागते, जेणेकरून ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोहोचत नाही. ती शिस्त हाताला इथूनच लागलेली बरी.

साहित्य

भिंतींसाठी पन्हळी पुठ्ठा उत्तम. सोलापुरातल्या चाटी गल्लीतल्या कापडदुकानांत मालाची मोठी खोकी रिकामी होत असतात; त्यांचा जाड, न दुमडलेला भाग मागून घ्यावा. सनबोर्ड अधिक सफाईदार दिसतो, पण महाग पडतो. थर्माकोल टाळावा. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहेच, शिवाय द्रावकयुक्त डिंकाने आणि ग्लू गनच्या उष्णतेने तो विरघळतो. पायासाठी ४५ × ३५ सेंटीमीटरचा प्लायवूडचा तुकडा घ्यावा, कारण पुठ्ठ्याचा पाया उचलताना वाकतो आणि त्याबरोबर तारांचे सांधे ओढले जातात.

विजेच्या सामानात पाच पांढरे एलईडी, ३३० ओहमचे पाच रेझिस्टर (दोन-चार जास्तीचे असू द्यावेत), तीन पायांची सात सरकती बटणे, एक मेन स्विच, घंटेसाठी दाबबटण, ६ व्होल्टवर चालणारा छोटा बझर, चार सेलचा एक आणि दोन सेलचा एक असे दोन होल्डर, अर्ध्या अँपिअरचा काचेचा फ्यूज त्याच्या होल्डरसह आणि बारा घरांची एक स्क्रूची कनेक्टर पट्टी एवढे लागते. मागासाठी गिअर असलेली पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटार घ्यावी. सोलापूरच्या गड्डा यात्रेत घेतलेल्या मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी पंख्याला चालतात, पण त्यांना गिअर नसेल तर मागासाठी त्यांचा वेग फार होतो.

तारांसाठी एक सूचना आवर्जून करतो. संगणक दुरुस्तीच्या दुकानात लॅन केबलचे उरलेले तुकडे पडलेले असतात. त्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी असते. एका खोलीला एक रंग द्यावा, पूर्ण रंगाची तार धन आणि पांढरी तार ऋण धरावी. असे केले की दोष शोधताना कोणती तार कुठली हे विचारावे लागत नाही. तार घेताना टोक खरवडून पाहावे. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती दोन-चारदा वाकवली की तुटते, म्हणून सोडून द्यावी.

टेबलावरची सुटी जोडणी

कागदावर परिपथाची आकृती काढल्यावर ती वर्तमानपत्राएवढ्या कागदावर मोठी करून घ्यावी आणि प्रत्येक घटक त्याच्या चिन्हावर प्रत्यक्ष ठेवावा. कनेक्टर पट्टीचे सहा-सहा घरांचे दोन तुकडे करावेत: एक धन पट्टी, दुसरी ऋण पट्टी. पट्टीतली शेजारची घरे एकमेकांना आतून जोडलेली नसतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूने एका घरातून पुढच्या घरात तारेचे छोटे तुकडे घालून सहाही घरे सलग करावीत. वरची बाजू शाखांसाठी मोकळी राहते: सोपा (घराचा पुढचा भाग), मागाची खोली, माजघर, स्वयंपाकघर, जिना आणि घंटा अशा सहा शाखा.

सेल होल्डरची लाल तार आधी फ्यूजकडे, तिथून मेन स्विचकडे आणि मग धन पट्टीच्या पहिल्या घरात जावी. काळी तार सरळ ऋण पट्टीत जावी. आता एक शाखा जोडावी: धन पट्टी, बटणाचा मधला पाय, बटणाचा एक कडेचा पाय, रेझिस्टर, एलईडीचा लांब पाय, मग त्याच्या आखूड पायापासून ऋण पट्टी. एलईडीचे पाय आधीच कापलेले असतील तर त्याच्या बुडाची कड पाहावी. ती जिथे सपाट असते तो ऋण पाय. ही एक शाखा चालल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. दिवा उलटा लागला असेल तर तो जळत नाही, फक्त लागत नाही, त्यामुळे उलटून पाहण्यात धोका नाही. बझरची लाल तार दाबबटणातून धन पट्टीकडे आणि काळी तार ऋण पट्टीकडे जाते. त्याला वेगळा रेझिस्टर लागत नाही.

जिन्याचा दिवा

या प्रतिकृतीतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ द्यावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो, रात्री माणसे माळवदावर किंवा गच्चीवर झोपायला जातात, आणि तेव्हा जिन्याचा दिवा खाली लावून वर विझवता आला पाहिजे आणि पहाटे वर लावून खाली विझवता आला पाहिजे. साधी दोन बटणे एकसर जोडली तर दोन्ही चालू असतानाच दिवा लागेल. समांतर जोडली तर दोन्ही बंद केल्याशिवाय तो विझणार नाही. दोन्ही रचना मुलांना आधी करून पाहू द्याव्यात, म्हणजे तिसऱ्या रचनेची गरज त्यांना आपोआप पटते.

तीन पायांच्या सरकत्या बटणात मधला पाय सामाईक असतो आणि खिट्टी सरकवली की तो एका किंवा दुसऱ्या कडेच्या पायाला जोडला जातो. खालच्या बटणाचा मधला पाय धन पट्टीला जोडावा. वरच्या बटणाचा मधला पाय रेझिस्टरमधून एलईडीच्या लांब पायाला जोडावा. आता दोन्ही बटणांचे डावे पाय एका तारेने आणि उजवे पाय दुसऱ्या तारेने एकमेकांना जोडावेत. खालची आणि वरची खिट्टी एकाच तारेवर असली की मार्ग पूर्ण होतो व दिवा लागतो; वेगवेगळ्या तारांवर असली की मार्ग तुटतो. कोणतेही एक बटण सरकवले की स्थिती उलटते, दुसरे बटण कसेही असो. प्रतिकृतीत या दोन तारांना दोन ठळक रंग द्यावेत आणि त्या भिंतीवरून उघड्या नेऊन दाखवाव्यात. पाहणारा बोट ठेवून मार्ग शोधू लागतो, आणि हा प्रकार समजला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते.

भिंती आणि आतली तारांची वाट

एकास वीस हे प्रमाण धरावे. त्या हिशेबाने ३६ × २६ सेंटीमीटरची प्रतिकृती म्हणजे ७.२ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद घर होते. भिंत १४ सेंटीमीटर उंच, दरवाजा १० सेंटीमीटर उंच व साडेचार सेंटीमीटर रुंद आणि खिडकी ५ सेंटीमीटरची चौकोनी ठेवावी. पुढे सोपा आणि त्याला लागून मागाची खोली, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या बाजूने माळवदावर जाणारा जिना अशी मांडणी सोयीची पडते.

दारे, खिडक्या, बटणांच्या खाचा आणि तारांची छिद्रे भिंत सपाट पडलेली असतानाच कापावीत. उभ्या भिंतीत छिद्र पाडताना पन्हळी दबते आणि सांधा उकलतो. सर्व बटणे बाहेरच्या भिंतींवर ठेवावीत, म्हणजे छप्पर न उचलता ती हाताळता येतात. भिंतींचे सांधे फेव्हिकॉलने जोडून रात्रभर टाचण्यांच्या आधाराने वाळू द्यावेत. ग्लू गन झटपट असते, पण पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या प्रतिकृतीचे तिने जोडलेले सांधे मऊ होऊन सुटू शकतात; तिचा वापर फक्त तारा आणि बटणे जागेवर धरण्यासाठी करावा.

तारा भिंतीत लपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या भिंतीच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेजवळून, सरळ रेषेत आणि काटकोनात वळवून न्याव्यात आणि कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी बसवाव्यात. धन आणि ऋण पट्ट्या माजघराच्या मागच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावाव्यात व त्यांच्यावर शाखांची नावे लिहावीत. सेल होल्डर घराबाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात झाकणाखाली ठेवला की सेल बदलताना घर हलवावे लागत नाही.

सांधे डाग देऊन पक्के करायचे असतील तर २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरेसा आहे; ते काम मोठ्या माणसाने हवेशीर जागी करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते. डाग देणे शक्य नसेल तर तारा घट्ट पिळून त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. एलईडी आणि रेझिस्टरचे उघडे पाय एकमेकांना टेकणार नाहीत, याकडे विशेष लक्ष असावे.

माग

मोटारीची शाखा दिव्यांच्या सेलवर चालवू नये. सुरू होताना मोटार एकदम जास्त विद्युतधारा ओढते, सेलचे विभवांतर क्षणभर खाली येते आणि घरातले सगळे दिवे मंदावतात. म्हणून तिला दोन सेलचा वेगळा होल्डर आणि वेगळे बटण द्यावे. तीन व्होल्टवर गिअरची मोटार संथ चालते आणि मागाला तेच हवे असते. मोटारीच्या आसावर पुठ्ठ्याची चकती बसवून मध्यापासून एक सेंटीमीटरवर टाचणी रोवावी आणि त्या टाचणीला सायकलच्या आरीच्या तारेचा दांडा अडकवावा. दांड्याचे दुसरे टोक फणीला (मागातल्या पुढे-मागे होणाऱ्या चौकटीला) जोडले की चकतीच्या प्रत्येक फेऱ्यात फणी दोन सेंटीमीटर पुढे-मागे होते. ताण्याचे (उभे) धागे म्हणून रंगीत सुती दोरे ताणून बांधावेत. धोटा (आडवा धागा नेणारा तुकडा) हलता करण्याचा मोह होतो, पण या आकारात तो अडकतो. तो स्थिर ठेवलेला बरा.

छप्पर आणि दोष शोधणे

माळवदासाठी पुठ्ठ्याचा सपाट तुकडा भिंतींच्या आत थोडा उतरेल असा कापावा, चारही बाजूंना दोन सेंटीमीटरचा कठडा द्यावा आणि वर चाळलेली माती फेव्हिकॉलमध्ये कालवून लिंपावी. माजघराच्या वर उजेडाचा झरोका ठेवावा; छप्पर न काढताही त्यातून पट्ट्या दिसतात. छपराला एकही तार जोडलेली नसावी, नाहीतर ते उचलताना काहीतरी तुटणारच.

छप्पर ठेवण्यापूर्वी प्रत्येक बटण एकेकटे आणि नंतर सगळी मिळून चालवून पाहावीत. एखादा दिवा लागला नाही तर अंदाजाने तारा उपटू नयेत. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळे टोक ऋण पट्टीवर धरावे आणि लाल टोक सेलपासून दिव्याकडे एकेक पाऊल सरकवावे: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, मेन स्विचनंतर, धन पट्टीवर, बटणानंतर. जिथपर्यंत सहा व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो तिथपर्यंत सर्व ठीक आहे; जिथे तो एकदम शून्य होतो, त्याच्या अगदी अलीकडे दोष आहे. रेझिस्टरनंतर तीनच्या आसपास आकडा मिळाला तर दिवा लागायला हवा. तिथेही सहा मिळत असतील तर एलईडी उलटा आहे, तुटला आहे किंवा त्याचा ऋण पाय पट्टीपर्यंत पोहोचलेला नाही. सगळे दिवे एकाच वेळी बंद असतील तर फ्यूज पाहावा. तो उडालेला असेल तर दुसरा घालण्याआधी सेल काढावेत, सगळी बटणे चालू करून मल्टिमीटरच्या बीप खुणेवर धन आणि ऋण पट्टी तपासावी; बीप वाजला तर कुठेतरी दोन उघडी टोके टेकली आहेत. एकेक बटण बंद करत जावे. ज्या बटणाने बीप थांबतो, दोष त्याच शाखेत असतो. सगळी बटणे बंद करूनही बीप चालू राहिला, तर दोष पट्ट्यांतच किंवा बटणांच्या अलीकडच्या तारांत असतो.

रिचार्जेबल सेल वापरले तर चार सेलचे मिळून ४.८ व्होल्टच होतात आणि दिव्यातली विद्युतधारा साडेपाच मिलिअँपिअरवर येते. उजेड कमी दिसतो, दोष मात्र काही नसतो.

प्रदर्शनाच्या टेबलावर परिपथाची आकृती आणि रेझिस्टरचा हिशेब लिहिलेला कागद घराशेजारी ठेवावा, एक जास्तीचा फ्यूज, दोन एलईडी, सेलचा एक संच, छोटा पेचकस आणि टेप जवळ असावी. प्रदर्शन संपल्यावर दोन्ही होल्डरमधले सेल काढून ठेवावेत, कारण महिनोन्‌महिने तसेच राहिलेले सेल गळतात आणि त्यांतला क्षार होल्डरच्या स्प्रिंगा खाऊन टाकतो.